बिल्ले वटवणाऱ्या बाविस्कर सिस्टर

बाविस्कर सिस्टर लहान मुलांशी कधी खोटं बोलल्या नाहीत. बाकीच्या नर्स सुई टोचताना "बघ, चिमणी आली", "मुंगी चावेल एवढीशी" असं काहीबाही सांगतात. सिस्टर पोराच्या डोळ्यांत बघून सरळ सांगायच्या, "दुखेल." पोरगं भोकाड पसरायच्या आधीच सुई आत-बाहेर झालेली असायची. मग म्हणायच्या, "सांगितलं होतं ना? झालं आता." आया नाराज व्हायच्या. एक जण तर माझ्यादेखत म्हणाली, "सिस्टर, जरा गोड बोललात तर काय बिघडेल?" सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या डोसाला तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, ते बिघडेल."

जळगावात पिंप्राळ्याला आम्ही एकाच घराच्या दोन भागांत भाड्याने राहत होतो. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची एक खोली आणि पडवी सिस्टरांची. मी हायस्कुलात मास्तर, त्या आरोग्य खात्यात. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही तिथे आलो तेव्हा त्या पन्नाशीला टेकलेल्या होत्या. अंगाने सडसडीत, केस घट्ट बांधलेले, आवाज मात्र पंचायतीच्या लाउडस्पीकरला लाजवणारा. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात त्याची चौकशी केली, तर म्हणाल्या, "वेळ झाला नाही." आणि लगेच, "तुमच्या मुलीला गोवरची लस दिली का?" त्यानंतर हिने तो विषय काढला नाही.

त्यांच्या खोलीत देवांची तसबीर नव्हती, रेडिओ नव्हता, सोफ्यासारखं काही नव्हतं. एक कॉट, एक स्टो, आणि भिंतीला लागून इंजेक्शनच्या बाटल्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके. मला वाटायचं, औषधं असतील. एकदा विजेचा फ्यूज बसवायला गेलो तेव्हा एक खोका धक्क्याने खाली पडला आणि आतून कापसात गुंडाळलेले पितळेचे, जस्ताचे, पत्र्याचे चपटे तुकडे फरशीवर घरंगळले. काही गोल, काही चौकोनी, एक तर पानाच्या आकाराचा. मी उचलून बघितले. एकावर तागडी होती आणि खाली "दोन पैसे". दुसऱ्यावर नुसता बैल.

"हे काय, सिस्टर? नाणी?"

"बिल्ले. खाली बसून सगळे गोळा करा, मग सांगते."

मी गोळा केले. सिस्टरांनी खोका परत मोजून-मापून लावला आणि मग सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात बाजारातून सुटे पैसे नाहीसे झाले. तांबं लढाईकडे गेलं, उरलेलं लोकांनी मडक्यांत दडवलं. आता गिऱ्हाईक एका आण्याचं मीठ घ्यायला आलं तर त्याला सुटे द्यायचे कुठून? मग दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी, पिठाच्या गिरणीवाल्यांनी आपापले बिल्ले पाडून घेतले. सुट्या पैशांऐवजी बिल्ला हातात ठेवायचा. त्याने तो पुढच्या वेळी त्याच दुकानात आणायचा आणि त्यावर लिहिलेला माल न्यायचा. सरकारचा त्याला शिक्का नाही की सही नाही. नुसता दुकानदाराचा शब्द. लढाई संपली, सुटे पैसे परत आले आणि खानदेशभर हे बिल्ले घरोघर पडून राहिले. कोणी चुलीच्या राखेत टाकले, कोणी मोडीत घातले, कोणी पोरांना खेळायला दिले.

त्यांना पहिला बिल्ला मिळाला तो एका तान्ह्या पोराच्या कमरेला. सुई टोचायला म्हणून त्यांनी दुपटं बाजूला केलं, तर करदोड्यात भोक पाडून ओवलेला पितळेचा तुकडा. आईला वाटत होतं, दृष्ट लागू नये म्हणून सासूने कुठल्या तरी बुवाकडून आणला असावा. सिस्टरांनी वाचला तर कापडाच्या दुकानाचा बिल्ला. "असले बिल्ले मी लहानपणी पाहिले होते," एवढंच त्या मला म्हणाल्या. पुढचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

संग्रह करणारे लोक मी पुढे आणखी पाहिले. कोणी पोस्टाची तिकिटं, कोणी काड्यापेट्या. पण सिस्टरांसारखी रीत मी कुठे पाहिली नाही. त्या बिल्ला विकत घेत नसत आणि फुकटही घेत नसत. बिल्ला "वटवत" असत. म्हणजे बिल्ल्यावर जे कबूल केलेलं असेल ते त्या बिल्ला बाळगणाऱ्या माणसाला देत, आणि मगच तो आपल्या खोक्यात टाकत. "शेरभर मीठ" असेल तर शेरभर मीठ. "अर्धा शेर दूध" असेल तर अर्धा शेर दूध, आणि तेही म्हशीचं की गायीचं याची चौकशी करून. लोक म्हणायचे, सिस्टर, तसंच घेऊन जा, आमच्या काय कामाचं? सिस्टर ठामपणे नाही म्हणायच्या. "दुकानदाराने शब्द दिला होता. तो मेला असेल, शब्द कुठे मेलाय?"

ऐकायला हे फार छान वाटतं. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि सिस्टरांकडे नव्हती, त्यामुळे या शब्दपालनात माझे रविवार गेले. "मास्तर, उद्या मोकळे आहात ना?" असं शनिवारी संध्याकाळी पडवीतून विचारलं की मी मोकळाच असायचो. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या दोन्ही मुलांचा ताप-खोकला त्या फुकट बघायच्या. सावद्याला एका म्हातारीकडे गिरणीचा बिल्ला निघाला. त्यावर "एक पायली दळण". म्हातारी म्हणाली, माझं दळण आताच झालंय. तरी सिस्टरांनी तिच्याकडून ज्वारी काढून घेतली, पोतं माझ्या स्कूटरच्या पुढ्यात उभं केलं, आणि केळीच्या गाड्यांच्या गर्दीतून आम्ही गिरणी शोधत फिरलो. दळून झाल्यावर पोतं कुठेतरी उसवलं. मी नवी काळी पँट घालून गेलो होतो. घरी आलो तेव्हा ही म्हणाली, कुठे पडला होतात?

जामनेरची गोष्ट तर अख्ख्या पिंप्राळ्याला पाठ आहे, कारण ती मीच सांगत फिरलो. तिथे एक कल्हईवाले चाचा होते. त्यांच्याकडे पत्र्याचा बिल्ला निघाला, एका न्हाव्याचा. त्यावर वस्तरा काढलेला आणि खाली लिहिलेलं, "एक दाढी". आता चाचा हजला जाऊन आलेले, छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी. सिस्टर बिल्ल्याकडे बघतात, दाढीकडे बघतात. चाचांनी हसून बिल्ला पुढे केला. "ले जाओ सिस्टर. नाई तो कब का मर गया."

सिस्टर म्हणाल्या, "नाई मर गया चाचा, दाढी बाकी है."

"अब ये उमर में दाढी कटवाओगी मेरी?"

मला वाटलं, आता एकदाची ही रीत मोडणार. पण सिस्टर तिथे ओट्यावर बसल्या आणि चाचांशी रीतसर चर्चा सुरू झाली. शेवटी चाचांनीच तोड काढली. दाढी काढायची नाही, पण गालावरची रेघ नीट करून घ्यायची, त्याला ते खत म्हणत. तेही न्हाव्याचंच काम. मग आम्ही तिघे सलूनमध्ये गेलो. चाचा खुर्चीत, मी बाकावर, सिस्टर रस्त्यावर दाराशी उभ्या, आत काम बरोबर चाललंय की नाही यावर नजर ठेवून. खत झालं, चाचांनी आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि बिल्ला सिस्टरांच्या हातावर ठेवला. बिल्ला घ्यायला हात पुढे करायची सिस्टरांची एक लकब होती. उजवा तळहात पालथा नाही, उताणा नाही, थोडा तिरका, आणि चेहऱ्यावर काही नाही.

एकदा मुंबईहून एक नाण्यांचा व्यापारी पत्ता काढत आला. सफारी घातलेला, बोटांत अंगठ्या. त्याने स्वतःकडचे काही बिल्ले ओट्यावर मांडले आणि सिस्टरांकडचे मागितले, भाव तुम्हीच सांगा म्हणाला. सिस्टरांनी त्याचा एक बिल्ला उचलून वाचला. "यावर एक नारळ आहे. नारळ देते, बिल्ला ठेवून जा." त्याला वाटलं, बाई घासाघीस करते आहे. त्याने स्वतःच एक मोठा आकडा सांगितला. सिस्टर खरोखरच नारळ घेऊन आल्या. तो माणूस जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई ठीक असतात ना?" मी म्हटलं, एकदम ठणठणीत.

त्यांच्यात दोषही होतेच. कोणाचं कौतुक करणं त्यांच्या जिवावर यायचं. आमच्या हिने केलेली खिचडी दोनदा मागून खाल्ली तरी "मीठ बरोबर आहे" यापलीकडे शब्द नाही. बिल्ल्याच्या बाबतीत तर फारच कठोर. कोणी म्हणालं की आमच्याकडेही होता, हरवला, तर त्या तिथल्या तिथे विषय संपवत. बिल्ला नाही तर काही नाही. एका म्हातारीने "होता हो बाई, गुळाचा होता" म्हणून फार गळ घातली होती. मला दया आली, म्हटलं द्या ना पावशेर गूळ. सिस्टर म्हणाल्या, "मग जळगाव जिल्ह्यात प्रत्येकाचा काही ना काही हरवलेलाच निघेल, मास्तर."

हे सगळं मला एक छंद वाटायचं. विक्षिप्त, पण छंदच. धुळ्याला गेलो तेव्हा कळलं की तसं नाही.

माझं धुळ्याला पेपर तपासायचं काम होतं. सिस्टर म्हणाल्या, मीही येते. मला नवल वाटलं, कारण मूळच्या धुळ्याच्या असून त्या तिकडे कधी जात नसत. काम आटोपल्यावर आम्ही आग्रा रोडवरून चालत होतो. सिस्टर एका सायकलच्या दुकानापुढे थांबल्या आणि वरच्या मजल्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात गादीवर एक वयस्क शेठ बसले होते. ते बराच वेळ सिस्टरांना न्याहाळत होते. मग एकदम म्हणाले, "बाविस्करची पोरगी ना तू? बिल्लेवाल्याची? तोंडवळा तोच आहे."

सिस्टर म्हणाल्या, "हो."

शेठ गिऱ्हाइकांकडे वळले. जणू ते या विषयाची वाटच बघत होते. "हिच्या बापाचं इथे हॉटेल होतं. लढाईत अख्ख्या बाजाराला चहाचे बिल्ले वाटले. आणि वटवायची वेळ आली तेव्हा रातोरात कुलूप लावून पळाला. मीसुद्धा बाळगले होते खिशात."

दुकानातली माणसं हसली. सिस्टर हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आता आहे तुमच्याकडे बिल्ला?"

"तो कोण ठेवतोय? फेकला तेव्हाच."

"असता तर आत्ता चहा दिला असता." आणि त्या वळून चालू लागल्या.

एस.टी.त खिडकीशी बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. वडिलांचं हॉटेल चांगलं चालायचं. खेड्यांतून कपाशी, भुईमूग घेऊन आलेली माणसं बाजार आटोपला की तिथेच टेकायची. सुटे पैसे मिळेनासे झाले तेव्हा वडिलांनी तांबटाकडून पितळेचे बिल्ले पाडून घेतले. चहाच्या डब्यावर एक बाई होती, मांडी घालून बसलेली, हातात कपबशी उचललेली, कपातून वाफ निघतेय. तेच चित्र बिल्ल्यावर. मागे "एक कप चहा". लोकांना ते चित्र आवडायचं म्हणून वडिलांनी हौसेने पुष्कळ पाडले. लढाई संपल्यावर सगळे एकदमच वटवायला आले. आणि साखर रेशनवर. दूध मिळे तर साखर नाही, काळ्या बाजारात घ्यावी तर हॉटेल विकावं लागेल. तीन-चार दिवस त्यांनी गुळाचा चहा पाजला. लोक शिव्या देऊ लागले, कोणी बाकडं मोडलं. मग एका पहाटे ते बायको-पोरीला घेऊन जळगावला आले, एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला लागले आणि पुन्हा धुळ्याला गेले नाहीत. भावाच्या लग्नालासुद्धा नाही.

"ते लबाड नव्हते, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. "त्यांनी शब्द जास्त दिला. एवढंच." मग बऱ्याच वेळाने, "सगळ्यांचे बिल्ले मिळाले मला. त्यांचा एकही नाही. एक जरी मिळाला ना, तरी मी तो वटवेन. एक जरी."

मला स्वतःची लाज वाटत होती असं नाही, पण जामनेरची दाढीची गोष्ट मी त्यानंतर कोणाला हसत सांगितली नाही. आणि त्या दिवसापासून कुठे बिल्ला निघाल्याचं कळलं की सिस्टरांच्या आधी मीच स्कूटरला किक मारायला लागलो.

तो बिल्ला मिळाला तेव्हा आम्ही त्याच्या शोधात नव्हतो. जेवायला गेलो होतो. माझ्या शाळेत चित्रकला शिकवणारे निकम सर होते. त्यांचं गाव पारोळ्याच्या पलीकडे, रस्त्यापासून बरंच आत. हिवाळ्यात त्यांच्या आईने भरिताला बोलावलं. सिस्टरांनी त्यांच्या मुलाचं निमोनियात फार केलं होतं, म्हणून त्यांनाही आग्रहाचं आमंत्रण. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. जेवून हात धुतले आणि ओट्यावर पान खात बसलो. निकमांची आई, तिला सगळे अक्का म्हणत, सिस्टरांना हळदीकुंकू लावायला देवघरापाशी घेऊन गेली. देवघर म्हणजे मधल्या घरातला कोनाडा. ओट्यावरून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

अक्काने देवांचं ताम्हन पुढे ओढलं. त्यात कुळाचे दोन-तीन टाक, बाळकृष्ण, आणि एक झिजलेला पितळी टाक, हळदीकुंकवाने माखलेला. अक्का म्हणाली, "सिस्टर, तुम्ही गावंगावं फिरतस, तुम्हले समजस. हाई देवी कोनती शे, सांगा ना. सोनार सांगस मनुदेवी, गुरव सांगस सप्तशृंगी. मना बाप धुळाना बजारथीन लई उना व्हता. मी धाकली व्हतू. तवयथीन देवमा शे. लगीन व्हयनं तवय संगे लई उनू."

वडिलांनी धुळ्याच्या बाजारातून आणलेला तो टाक अक्का लग्नानंतर सासरी घेऊन आली होती. सिस्टरांनी तो हातात घेतला. पदराने पुसला. चष्मा लावला. मग उलटून बघितला, परत सुलटा केला, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचा चेहरा बघून मी उठून आत गेलो. झिजून गुळगुळीत झालेला असला तरी चित्र ओळखू येत होतं. मांडी घालून बसलेली बाई. उचललेल्या हातात कपबशी, ती आता अमृताच्या कलशासारखी दिसत होती. आणि वाफेच्या रेघा डोक्यामागे प्रभावळीसारख्या. मागे फक्त "चहा" एवढंच उरलं होतं.

मला वाटलं, सांगून टाकावं, मनुदेवी आहे म्हणून. सोनार म्हणतो ते बरोबर. कोणाचं काही बिघडलं नसतं. दुसरं कोणीही असतं तर तेच केलं असतं, मी तर नक्कीच केलं असतं. अक्का समोर उकिडवी बसून वाट बघत होती.

"अक्का," सिस्टर म्हणाल्या, "सांगते. पण दुखेल."

आणि मग त्या अक्काच्याच बोलीत बोलल्या. एरवी शहरात त्या अहिराणी बोलत नसत. "हाई देवी नही शे अक्का. हाऊ मना बापना हॉटेलना बिल्ला शे. एक कप चहाना."

त्यांनी काही राखून ठेवलं नाही. लढाई, सुटे पैसे, डब्यावरची बाई, साखर, पहाटेचं कुलूप. सगळं सांगितलं. तोवर निकम सर आत आले होते. ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. शिकला-सवरलेला माणूस, पाहुण्यांसमोर शोभा झाली असं त्यांना वाटलं असावं. "आई, काढ ते देवातून. हॉटेलचा बिल्ला पुजतो आपण? गावात कळलं तर काय म्हणतील?"

अक्काने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही, टाकाकडे बोट केलं. "तू गप रे. तू तापमा पडना व्हता तवय मी इलेच सांगं व्हतं. तवय चहा नही व्हता तो."

मग ती सिस्टरांना म्हणाली, "म्हंजे मना बापना एक चहा बाकी शे."

"हो."

"मना बाप तर मरी गया."

"मना बी," सिस्टर म्हणाल्या.

निकमांची बायको दारात परात घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. शेवटी अक्काने गुडघ्यावर हात टेकून जरा सावरून बैठक मारली आणि म्हणाली, "मंग कर चहा. मी आठे बठस. साखर जास्ती टाक."

सिस्टर बिल्ला ताम्हनात ठेवून चुलीपाशी गेल्या. चहा करायला त्यांना एरवी पाच मिनिटं लागत नसत, पण त्या दिवशी त्यांनी दोनदा साखर घातली, दूध उतू घालवलं आणि शेवटी कप कोणता घ्यावा हेच कळेना. निकमांच्या बायकोने फळीवरची चांगली कपबशी काढून दिली. अक्का बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश प्यायली. मध्ये थांबली नाही, कोणाशी बोलली नाही. बशी पालथी करून खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

सिस्टरांनी हात पुढे केला. तीच लकब, तळहात थोडा तिरका. पण चेहऱ्यावर या वेळी सगळं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी त्या उन्हातान्हात खेडी पालथी घालत होत्या तो बिल्ला हातभर अंतरावर होता, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तो आता त्यांचा झाला होता.

अक्काने बिल्ला उचलला, डोळ्यांना लावला आणि परत ताम्हनात ठेवला. त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"चहा मी पिधा. तुना बाप सुटना," ती म्हणाली. "पन देवी मनी शे. ती मी देवाव नही."

खरं सांगतो, मला त्या क्षणी अक्काचा राग आला. असा एकच बिल्ला जगात उरलेला, आणि तो सिस्टरांना मिळायला हवा होता. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण सिस्टरांनी हात मागे घेतला आणि मान हलवली. त्या रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं, नाक ओढत, हसत, चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "ठेवा अक्का. ठेवा. तिथेच राहू द्या."

पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या आणि सगळ्यांना चकित करून धुळ्याला राहायला गेल्या. आग्रा रोडजवळच खोली घेतली. खोके त्यांनी तिकडच्या एका कॉलेजला देऊन टाकले. मी एक-दोनदा त्यांना भेटायला गेलो, त्यांनी माझं बीपी तपासलं आणि वजन कमी करा म्हणून दटावलं. नंतर त्या गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी परीक्षेच्या कामात होतो आणि मला जाता आलं नाही. पण सिस्टर म्हटलं की मला ती धुळ्याची खोली आठवत नाही. निकमांच्या गावाचं अंगण आठवतं, त्याच दुपारचं.

गावात अशी बातमी फुटायला किती वेळ लागतो? आम्ही निघायच्या बेतात होतो आणि दारात माणसं जमू लागली. एक म्हणाला, आमना आबा बी बिल्ला लई येल व्हता. दुसरीच्या घरी म्हणे तो बैलाच्या गळ्यात होता. कोणी मोडीत घातलेला, कोणी विहिरीत पडलेला. कोणाकडेच काही नव्हतं, होत्या त्या फक्त आठवणी, आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या असतील की नाही देव जाणे. सिस्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि निकमांच्या बायकोला विचारलं, "मोठं पातेलं आहे का?"

अंगणात तीन दगडांची चूल मांडली गेली. साखर वाण्याकडून आणायला मला पिटाळलं. परत आलो तर सिस्टर धुराने डोळे बारीक करून पातेल्यात पळी फिरवत होत्या आणि कप कमी पडतील म्हणून निकम सर घरोघरचे पेले गोळा करत होते, मघाचा राग विसरून. सगळ्यांना चहा मिळत होता. तेवढ्यात समोरच्या घरातून एक फार म्हातारे आबा काठी टेकत आले आणि अंगणाच्या कडेलाच थबकले. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "ताई, मनापाशी बिल्ला नही शे. मी फेकी दिना व्हता."

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांचा नियम त्या अंगणात फक्त मलाच माहीत होता.

सिस्टरांनी पेला भरला, त्याला पदराने खालून धरलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आबा. बठा. साखर कितली टाकू?"